न सांगता येणारी दाढ

माझ्या भाचीची खालची दाढ काळी पडलेली दिसली तेव्हा ती साडेसात वर्षांची होती. वहिनी म्हणाली, "ताई, दुधाचीच तर आहे, पडेल की आता." मलाही ते पटलं. दातांच्या डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं की ती पक्की दाढ आहे, येऊन जेमतेम दीड वर्ष झालेली.

ही चूक घरोघरी होते. दुधाचा दात पडला की त्या जागी पक्का येतो, एवढंच आपल्या डोक्यात असतं. समोरच्या दातांबाबत ते खरंही आहे. पण सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी पहिली पक्की दाढ कोणाचीच जागा घेत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, जबडा वाढून जी जागा मोकळी होते तिथे ती गुपचूप उगवते. त्यासाठी आधी कुठला दात हलत नाही, पडत नाही. आमच्या घरी पडलेला दात कौलांवर फेकायचा मोठा सोहळा असायचा. या दाढेच्या वाट्याला तसलं काहीच येत नाही.

ती दिसते सहाव्या वर्षी, पण घडायला लागते फार आधी. गर्भ सहा आठवड्यांचा, जेमतेम सेंटिमीटरभर असतो, तेव्हाच त्याच्या तोंडातल्या अस्तराची एक पट्टी जाड होते आणि तिला कोंब फुटतात. हे दुधाच्या दातांचे कोंब. प्रत्येक कोंब वाढत वाढत आधी टोपीसारखा आणि मग घंटेसारखा होतो. घंटेत पेशींचे दोन थर एकमेकांना चिकटून उभे राहतात. एक थर डेंटिन म्हणजे दाताचा आतला कठीण भाग बनवतो, दुसरा इनॅमल म्हणजे वरचं टणक कवच. आपण बनवलेला माल मधे ठेवत दोन्ही थर एकमेकांपासून मागे मागे सरकतात, आणि त्यातून दाताचा माथा आकाराला येतो. पक्क्या पहिल्या दाढेचा कोंबही आईच्या पोटातच धरतो, आणि बाळाच्या जन्माच्या सुमारास तिच्यात खनिज भरायला सुरुवात होते.

मला यातली सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट म्हणजे इनॅमलची रोजनिशी. इनॅमलच्या पेशी दिवसाला साधारण 4 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर चढवतात, आणि दिवसाच्या कामाची खूण सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रेघेसारखी दिसते. बाळ जन्मतं त्या दिवसांत हे काम जरा अडखळतं, त्याची एक ठळक रेघ उमटते. दुधाच्या सगळ्या दातांत ती सापडते आणि पहिल्या पक्क्या दाढेतही बहुतेकदा असते. म्हणजे सहा वर्षांनी हिरडीतून वर येणाऱ्या दाढेत मुलाच्या जन्माची नोंद असते.

पण या पेशींचं आयुष्य तेवढंच. दात तोंडात उगवेपर्यंत त्या संपलेल्या असतात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरते. इनॅमलला खड्डा पडला तर तो भरून काढणारं शरीरात कोणी उरलेलं नसतं. घडताना जे बिघडलं तेही तसंच राहतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांचे पक्के दात पांढऱ्या-तपकिरी डागांसह वर येतात. नुकसान झालेलं असतं ते बाळपणी, दात हिरडीखाली घडत असताना.

तयार दात वर कसा येतो, हे कोडं बराच काळ सुटत नव्हतं. मूळ वाढताना तो ढकलला जातो, असं एक साधं उत्तर होतं. मग कॅहिल आणि मार्क्स या दोन अमेरिकी संशोधकांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. दाताभोवती एक पातळ पिशवी असते. त्यांनी न उगवलेला दात काढून घेतला, पिशवी मात्र ठेवली आणि तिच्यात दाताच्या आकाराचा धातूचा तुकडा बसवला. तो निर्जीव तुकडा दातासारखाच वर आला! पिशवीच काढून टाकली तेव्हा खरा दातसुद्धा उगवला नाही. ही पिशवी वरच्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी बोलावून घेते आणि दाताला वाट करून देते. तशाच पेशी दुधाच्या दाताचं मूळही विरघळवतात, म्हणून पडलेला दात हातात घेतला तर त्याला मूळच नसतं.

वेळापत्रक ढोबळच लक्षात ठेवावं. सहाव्या महिन्याच्या आसपास खालचे दोन दात, अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीसही. वरचे आधी आले तर मामावर संकट येतं, असं ऐकून धास्तावू नये. क्रम थोडा मागेपुढे होतो. आणि मोठा ताप किंवा जुलाब दातांवर ढकलू नयेत. त्याच वयात आईकडून मिळालेली, रोगांशी लढणारी प्रतिपिंडं कमी होत असतात आणि बाळ हाताला येईल ते तोंडात घालत असतं. डॉक्टरांना दाखवावं. सहा ते बारा या वर्षांत दुधाचे दात पडून पक्के येतात. दुधाच्या दाढांच्या जागी उपदाढा येतात, त्याही दहा-बाराव्या वर्षी. म्हणून "पडेल की" हे दुधाच्या दाढेबाबतही घातक आहे. ती लवकर गेली तर मागची पक्की दाढ पुढे कलते आणि उपदाढेची जागा खाते. दुसरी पक्की दाढ बाराव्या वर्षी, अक्कलदाढ सतरा ते एकविसाच्या सुमारास, काहींना कधीच नाही.

सहाव्या वर्षाची दाढ ओळखायची युक्ती सोपी आहे. टॉर्च घेऊन मुलाच्या तोंडात मधल्या रेषेपासून मागे मोजत जा. दुधाचे दात एका जबड्यात एका बाजूला पाचच असतात. सहावा दिसला तर तो पक्का. तो अर्धवट वर आलेला असतो, त्याच्या खाचा खोल असतात, इनॅमल अजून कोवळं असतं आणि सरळ फिरवलेला ब्रश त्याच्या डोक्यावरून निघून जातो. म्हणून काही महिने तिथे ब्रश आडवा, गालाच्या बाजूने आत घालून मोठ्यांनीच फिरवायला हवा.

भाचीची दाढ वेळेत भरली गेली. उरलेल्या तिन्ही पक्क्या दाढांच्या खाचा डॉक्टरांनी सीलंटने, म्हणजे संरक्षक लेपाने, बुजवल्या. आता वहिनी दर रविवारी टॉर्च घेऊन भाचीच्या धाकट्या भावाचे दात मोजते. तो पाच वर्षांचा आहे, अजून पाचच भरतात.