महापौर म्हणजे शहराचे मुख्यमंत्री नव्हेत
रस्त्यात खड्डा दिसला की ‘महापौर करतात तरी काय?’ हा प्रश्न पुण्यात हमखास निघतो, कारण महापौर म्हणजे शहराचे मुख्यमंत्री असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात; महापौर सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान भूषवतात, तर खर्चाच्या मोठ्या प्रस्तावांना १६ सदस्यांची स्थायी समिती मंजुरी देते. खड्डा बुजवण्याचा आदेश निघतो तो आयुक्तांच्या यंत्रणेतूनच. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, महापौर आणि नगरसेवक उरले नाहीत, तरी प्रशासक या नात्याने आयुक्तांनी कारभार पुढे चालवला. सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याच हाती एकवटले, आणि खरी काळजीची बाब ती होती, कारण मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक व्हावी असे घटनेत स्पष्ट म्हटले आहे.