मधाची मलमपट्टी : सोलापूरच्या चाचणीमागचा इतिहास

1991 साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'मध्ये जेमतेम दोन पानांचा एक लेख छापून आला. लेखक डॉ. एम. सुब्रह्मण्यम सोलापूरच्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयात शल्यचिकित्सक होते. वरवर भाजलेल्या 104 रुग्णांचे त्यांनी दोन गट केले होते. 52 जणांना मधाची पट्टी आणि 52 जणांना सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे भाजलेल्यांच्या वॉर्डात जगभर वापरलं जाणारं पांढरं मलम. सात दिवसांत मधाच्या गटातल्या 91 टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या. मलमाच्या गटात संसर्ग आटोक्यात आला तो फक्त 7 टक्क्यांमध्ये. मधावरच्या आजच्या वैद्यकीय चर्चेत या लेखाचा उल्लेख हमखास येतो. महाराष्ट्रात मात्र तो फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

जखमेवर मध लावणं जुनंच आहे. इसवी सनापूर्वी सुमारे 1600च्या एडविन स्मिथ पपायरस या इजिप्शियन वैद्यकीय हस्तलिखितात जखमेवर चरबी, मध आणि तंतूंचा बोळा ठेवायला सांगितलं आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात मधाचे आठ प्रकार येतात आणि गुणांच्या यादीत लेखन, संधान, शोधन, रोपण हे शब्द येतात. म्हणजे जखम खरवडून साफ करणं, सांधणं, शुद्ध करणं आणि भरून आणणं. हे शल्यकर्म करणाऱ्या माणसाचं निरीक्षण आहे. पण निरीक्षणावरून कारण कळत नाही, आणि मध काम का करतो हे समजायला पुढे फार काळ जावा लागला.

मधात जंतुनाशक गुण असल्याची प्रयोगशाळेतली पहिली नोंद 1892 साली फान केटेल या डच संशोधकाने केली असं मानतात. सुरुवातीचा तर्क सोपा होता. मधात जवळपास 80 टक्के साखर आणि जेमतेम 17-18 टक्के पाणी. एवढ्या घट्ट पाकात जंतूंमधलं पाणीच शोषलं जातं. शिवाय मध आम्लधर्मी. पण मग पाणी घालून पातळ केलेला मधही जंतूंना रोखतो, तो कशामुळे? 1937 साली जर्मनीत डोल्ड आणि सहकाऱ्यांनी या अज्ञात घटकाला 'इनहिबीन' असं नाव दिलं. कोडं सुटलं ते 1963 साली, अमेरिकेत. जोनाथन व्हाइट यांच्या गटाने दाखवलं की इनहिबीन म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. मधमाशी आपल्या डोक्यातल्या ग्रंथीतून ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) मकरंदात मिसळते. घट्ट मधात ते जवळजवळ निपचित असतं. जखमेतून पाझरणाऱ्या द्रवाने मध पातळ झाला की ते जागं होतं आणि साखरेपासून थोडं थोडं पेरॉक्साइड तयार करत राहतं. जखमेत नेमकं हेच हवं असतं, कारण पेरॉक्साइड एकदम भरपूर ओतलं तर निरोगी पेशीही मरतात.

उष्णतेने हे विकर निकामी होतं. मध तापवू नये हे आयुर्वेदानेही बजावलं आहे, म्हणून अनेकजण इथे दोन्हींची सांगड घालतात. पण सुश्रुताने दिलेलं कारण वेगळं आहे. मध परस्परविरोधी गुणांच्या नाना फुलांच्या रसांतून आणि विषारी माश्यांकडून तयार होतो म्हणून तो उष्णतेशी विरोधी, असं तो म्हणतो. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी ठेवणंच रास्त.

कोडं सुटलं तेव्हा मधाची गरज कुणाला उरली नव्हती. पेनिसिलिन आलं होतं आणि 1968 साली सिल्व्हर सल्फाडायझिनही आलं. मध पुन्हा रुग्णालयात शिरला तो औषधांना दाद न देणारे जंतू वाढल्यावर आणि महागड्या मलमपट्ट्या न परवडणाऱ्या देशांतून. 1988 साली नायजेरियातल्या एफेम या शल्यचिकित्सकांनी 59 रुग्णांच्या चिघळलेल्या जखमांवर मध वापरला आणि 58 जणांत सुधारणा नोंदवली. पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. सोलापूरचं महत्त्व इथे आहे. तिथे मध प्रचलित औषधासमोर उभा केला गेला.

याच सुमारास न्यूझीलंडमध्ये वायकाटो विद्यापीठातले पीटर मोलन मानुका झुडपाच्या मधावर काम करत होते. त्यातलं पेरॉक्साइड नष्ट केलं तरी जंतू मरतच होते. त्यामागे मिथाइलग्लायॉक्सल हे रसायन आहे हे जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हेन्ले यांच्या गटाने 2008 साली प्रसिद्ध केलं, आणि मानुकाचे भाव गगनाला भिडले. पण सोलापूरच्या चाचणीत मानुका नव्हता, हे महागडी बाटली घेण्याआधी लक्षात असू द्यावं.

सोलापूरच्या आकड्यांकडेही डोळसपणे बघायला हवं. मधाची पट्टी डॉक्टरला आणि रुग्णाला दोघांनाही ओळखू येते, त्यामुळे निःपक्ष मोजमाप अवघड. 91 आणि 7 ही दरीही इतकी मोठी आहे की मलमाच्या गटात काय घडलं असावं, हा प्रश्न पडतोच. स्वतः सुब्रह्मण्यम एका लेखावर थांबले नाहीत. पॉलियुरेथेन या प्लास्टिकची पट्टी, गर्भाभोवतीचं पातळ आवरण, उकडलेल्या बटाट्याची साल अशा अनेक गोष्टींशी त्यांनी मधाची तुलना केली. 1999 साली 'बर्न्स' नियतकालिकात त्यांनीच लिहिलं की मध्यम स्वरूपाच्या भाजण्यात जळालेली त्वचा लवकर काढून त्वचारोपण करणं मधाच्या पट्टीपेक्षा सरस आहे. ज्या औषधाने नाव मिळवून दिलं त्याच्या मर्यादाही स्वतः चाचणी घेऊन छापणारा हा वैद्य मला फार मोठा वाटतो.

2015 साली वैद्यकीय चाचण्यांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 26 चाचण्यांचा आढावा घेतला. त्वचेच्या पूर्ण जाडीपर्यंत न पोचलेल्या भाजलेल्या जखमा काही पारंपरिक पट्ट्यांपेक्षा मधाने चार-पाच दिवस आधी भरतात, याला त्यात भक्कम पुरावा मिळाला. सिल्व्हर सल्फाडायझिनशी केलेल्या तुलनेचा पुरावा मात्र कच्चा ठरला. पायावरच्या शिरांच्या जुनाट व्रणांवर न्यूझीलंडमध्येच 368 रुग्णांची चाचणी झाली होती, तिचे निष्कर्ष 2008 साली आले. मानुकाच्या पट्टीने व्रण लक्षणीयरीत्या जास्त भरले नाहीत, उलट वेदनेसारख्या तक्रारी वाढल्या.

रुग्णालयातला मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, कारण साध्या मधात क्लॉस्ट्रिडियम या जंतूचे बीजाणू असू शकतात. किरणांनी बीजाणू मरतात आणि मधाचा जंतुनाशक गुण टिकतो. हेच बीजाणू तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. हा आजार 1976 साली कॅलिफोर्नियात ओळखला गेला. तेव्हापासून डॉक्टर एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नका असं सांगत आले आहेत. आपल्याकडे नवजात बाळाला मध चाटवण्याची रीत अजून अनेक घरांत पाळली जाते, ती थांबवायला हवी.