नाइट आणि टूर्नामेंटबद्दल वाचायचं तर कुठून सुरुवात करावी

फेब्रुवारी १८६१मध्ये लंडनच्या सदबीज लिलावगृहात पॉल मेयर या तरुण फ्रेंच अभ्यासकाच्या नजरेला एक जुनी पोथी पडली. लिलावात ती दुसऱ्याच कुणाच्या हाती गेली आणि तिचा पुन्हा माग लागायला जवळपास वीस वर्षं गेली. विल्यम मार्शल या इंग्रज सरदाराचं ते पद्यचरित्र होतं. १२१९मध्ये तो वारल्यावर काही वर्षांतच ते जुन्या फ्रेंचमध्ये लिहिलं गेलं. ओळी १९ हजारांवर. शिव्हलरीवरचं, म्हणजे नाइट या मध्ययुगीन युरोपातल्या चिलखतधारी घोडेस्वार योद्ध्यांच्या आचारधर्मावरचं, वाचन इथूनच सुरू करावं, असं माझं मत आहे.

कारण ही पोथी उजेडात येण्याआधीच नाइटचं चित्र लोकांच्या मनात पक्कं झालं होतं. १८३९मध्ये स्कॉटलंडमधल्या एग्लिंटनला हौशी उमरावांनी चिलखतं चढवून ‘मध्ययुगीन’ टूर्नामेंट, म्हणजे नाइटांच्या झुंजींचा खेळ, भरवली आणि पावसाने तिचा पार चिखल केला. त्यांनी जी नक्कल केली, ती मुळात या खेळाच्या शेवटच्या काळातल्या दरबारी सोहळ्याची.

मार्शलच्या तरुणपणी, म्हणजे बाराव्या शतकात, प्रकार निराळाच होता. उत्तर फ्रान्समध्ये दोन गावांमधल्या मोकळ्या रानात घोडेस्वारांच्या दोन फळ्या भिडायच्या. पिकं, द्राक्षमळे, गल्लीबोळ, सगळं तुडवत दिवसभर चालायचं. समोरच्याला मारायचं नसे, धरायचं असे. धरला गेला की घोडा आणि चिलखत जिंकणाऱ्याचं, नाहीतर खंडणी भरून सुटका. मार्शल हा चौथा मुलगा, वतन वाट्याला येण्याची आशा नाही. त्याने रॉजर द गोजी याच्याशी भागीदारी केली आणि दोघांनी सुमारे दहा महिन्यांत १०३ नाइट धरले. हा आकडा टिकला तो मार्शल ज्याच्या पदरी होता त्या इंग्लंडच्या युवराज हेन्रीच्या मुदपाकखान्यातल्या विगेन नावाच्या कारकुनामुळे. त्याने नोंद ठेवली होती!

प्लर इथल्या टूर्नामेंटमध्ये बक्षीस होतं एक मोठा पाइक मासा. तो मार्शलला द्यायचं ठरलं, पण हा पठ्ठ्या सापडेना. शेवटी सापडला लोहाराकडे, ऐरणीवर डोकं टेकवून: घाव बसून शिरस्त्राण इतकं चेपलं होतं की निघतच नव्हतं, आणि लोहार हातोडा-पकड घेऊन त्यातून त्याला सोडवत होता.

चर्चला हे सगळं नामंजूर. ११३०च्या क्लेरमाँ धर्मसभेने बंदी घातली, टूर्नामेंटमध्ये मरणाऱ्याला पवित्र भूमीत दफन नाकारलं. तरी कुणी थांबलं नाही आणि १३१६मध्ये पोपनेच बंदी उठवली. इंग्लंडच्या पहिल्या रिचर्डने ११९४मध्येच व्यवहारी वाट काढली होती: पाच ठरावीक जागा आणि परवाना शुल्क, अर्लला (वरच्या दर्जाच्या सरदाराला) २० मार्क (तेव्हाचं पैशाचं माप), जमीन नसलेल्या नाइटला २ मार्क.

यानंतर झ्योफ्र्वा द शार्नी हा फ्रेंच नाइट-लेखक वाचावा. १३५६मध्ये प्वातियेच्या लढाईत फ्रान्सचं निशाण हाती असताना तो पडला. त्याचा उपदेश थोडा कंटाळवाणा आहे, हे आधीच सांगतो. पण झुंजीबद्दलची त्याची प्रश्नावली चुकवू नये. भाल्याने स्वार पाडला तर घोडा कुणाचा, अशा कज्जेदलालीच्या तोडीच्या शंका त्यात आहेत.

आंजूच्या रने राजाचा टूर्नामेंट-ग्रंथ (सुमारे १४६०) चित्रांसाठी पाहावा. सगळ्यांची शिरस्त्राणं मांडून ठेवलेली आणि स्त्रिया ती पाहत फिरताहेत; कुणी एखादीची बदनामी केली असेल तर तिने त्याच्या शिरस्त्राणाला हात लावायचा, की मैदानात त्याला चोप. खंडणीचं रान इथे पूर्ण दरबारी झालेलं दिसतं.

३० जून १५५९ला पॅरिसमध्ये राजघराण्यातल्या लग्नसोहळ्यात भालेझुंजीत प्रतिस्पर्धी मोंगोमरीच्या तुटलेल्या भाल्याची कपची फ्रान्सच्या दुसऱ्या हेन्री राजाच्या डोळ्यात घुसली आणि दहा दिवसांनी तो वारला. हा खेळ तिथेच संपला असं सरसकट लिहिलं जातं, ते खरं नाही. इंग्लंडमध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणदिनी, १७ नोव्हेंबरला, भालेझुंजी त्यानंतरही कित्येक वर्षं होत राहिल्या.