पिन बसली म्हणजे जुळलं असं नाही

गेल्या पावसाळ्यात आईच्या बीपी मशीनच्या अ‍ॅडॅप्टरची वायर पिनेजवळ तुटली. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या घरात एक खण आहे, त्यात सात-आठ काळे अ‍ॅडॅप्टर एकमेकांत गुंतून पडलेले असतात. त्यातल्या एकाची पिन मशीनमध्ये टक्क बसली. बटण दाबलं, स्क्रीन एकदा लख्ख उजळली आणि विझली ती विझलीच.

एमजी रोडवरच्या दुरुस्तीवाल्या दादांनी स्क्रू काढून आतला बोर्ड भिंगाखाली धरला. एका काळ्या चिपच्या पाठीवर मोहरीएवढा खड्डा पडला होता आणि भोवती काजळी होती. मी जोडलेला अ‍ॅडॅप्टर राउटरचा, 12 व्होल्टचा. मशीनला हवे होते 6. "ताई, पिन बसली म्हणजे जुळलं असं नाही," दादा म्हणाले. त्यांच्या काउंटरवर अशी मशीन रोज येतात.

गोल पिनांची सगळ्यात जास्त दिसणारी जात बाहेरून 5.5 मिलिमीटर जाडीची असते. 5 व्होल्टच्या वस्तूलाही तीच असते आणि 12 व्होल्टच्या वस्तूलाही. त्यातही आतलं भोक कधी 2.1 मिलिमीटर, कधी 2.5. मोठ्या भोकाची पिन बारीक काडीच्या सॉकेटमध्ये सहज जाते, पण आत सैल राहते. मग वायरला जरा धक्का लागला की राउटर बंद-चालू होतो आणि आपण इंटरनेटवाल्याला फोन करत बसतो.

व्होल्ट आणि अँपिअर यांतला फरक गच्चीवरच्या टाकीवरून चांगला कळतो. टाकी किती उंचावर आहे, त्यावर नळाला दाब किती हे ठरतं. तो दाब म्हणजे व्होल्ट. एका वेळी किती पाणी घ्यायचं, हे मात्र नळ किती उघडला त्यावर ठरतं. तो प्रवाह म्हणजे अँपिअर. दाब अ‍ॅडॅप्टर देतो, प्रवाह वस्तू ओढून घेते. म्हणून व्होल्ट जुळलेच पाहिजेत. अँपिअर वस्तूच्या गरजेइतके किंवा त्याहून जास्त असले तरी चालतात.

हे लोकांना पटत नाही. पुढे आमच्या राउटरचा अ‍ॅडॅप्टर बदलायची वेळ आली, तेव्हा 12 व्होल्ट 1 अँपिअरच्या जागी मी 2 अँपिअरचा आणला. आई लगेच म्हणाली, "अगं, दुप्पट आहे ना हा? जाळशील पुन्हा." राउटर जेवढा ओढायचा तेवढाच ओढतो, उरलेली ताकद अ‍ॅडॅप्टरमध्ये नुसती शिल्लक राहते. उलट 12 व्होल्ट अर्ध्या अँपिअरचा आणला असता, तर तो तापला असता किंवा भार पडताच बसला असता.

राउटरचा जुना अ‍ॅडॅप्टर मेलाही नव्हता, थकला होता. राउटरचे दिवे लागत, मीटर 12 व्होल्ट दाखवी, तरी राउटर दर पाच मिनिटांनी नव्यानं सुरू होई. दादांनी तो फोडून दाखवला. आतल्या एका कपॅसिटरचं, म्हणजे वीज साठवून दाब सांभाळणाऱ्या नळकांड्यासारख्या भागाचं, सपाट डोकं टम्म फुगलं होतं. रिकामा असताना असा अ‍ॅडॅप्टर बरोबर व्होल्ट दाखवतो, काम पडलं की दाब कोसळतो. म्हणून नुसत्या मीटरवर विश्वास ठेवू नये.

जुन्या, वीटभर वजनाच्या अ‍ॅडॅप्टरची गोष्ट याच्या उलट. त्यात लोखंडाच्या गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर असतो. बऱ्याच जणांत दाब स्थिर ठेवायची सोय नसते, त्यामुळे 9 व्होल्ट लिहिलेला भाराशिवाय 12-13 सुद्धा दाखवतो. आजचे हलके अ‍ॅडॅप्टर घरातली 50 हर्ट्झची, सतत दिशा बदलणारी वीज आधी एका दिशेची करतात आणि मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. त्या वेगामुळे ट्रान्सफॉर्मर सुपारीएवढा पुरतो आणि दाबही स्थिर राहतो.

लेबलवर 'आउटपुट'ची ओळ वाचा, 'इनपुट'ची नव्हे. आकड्याशेजारी सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ असेल तर डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज; लाटेसारखी रेघ असेल तर एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी. काही जुन्या कॉर्डलेस फोनच्या अ‍ॅडॅप्टरमधून एसीच बाहेर पडते, तो डीसीच्या वस्तूला लावू नका. शेवटी ते अर्धवर्तुळात ठिपका असलेलं चिन्ह. ठिपका म्हणजे पिनेचा मधला भाग, आणि त्याला अधिक जोडलंय की वजा ते तिथंच दिसतं. बहुतेक ठिकाणी मध्ये अधिक असतो. पण पंचवटीतले आमच्या ओळखीचे एक काका भजनाला जुना कीबोर्ड वाजवतात, त्यात मध्ये वजा आहे. उलटं जोडलं आणि वस्तूत संरक्षक डायोडसारखी, म्हणजे उलटी वीज अडवणारी, सोय नसेल तर ती जळू शकते.

लेबल पुसलं असेल तर सेलचा कप्पा उघडा. दीड व्होल्टचे चार सेल ओळीनं जोडलेले असतील तर 6 व्होल्टचा अंदाज बांधता येतो. अंदाजच, खात्री नव्हे.

अंगाला लागणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत मी आता तडजोड करत नाही. बीपीचा पट्टा दंडावर असताना भिंतीतले 230 व्होल्ट आणि माणूस यांच्यामध्ये अ‍ॅडॅप्टरच्या आतलं इन्सुलेशन तेवढं उभं असतं. स्वस्तातल्या, बीआयएस या सरकारी मानक संस्थेचा नोंदणी क्रमांक नसलेल्या डबीत ते कसं आहे हे बाहेरून दिसत नाही. आईसाठी नवं मशीन घेतलं, पण कंपनीचा अ‍ॅडॅप्टर यायला आठवडा लागणार होता. तेवढे दिवस ते चार सेलवर चाललं.

त्या आठवड्यात मी खण रिकामा केला आणि प्रत्येक अ‍ॅडॅप्टरच्या वायरला पांढरी चिकटपट्टी गुंडाळून त्यावर वस्तूचं नाव आणि व्होल्ट लिहिले. दोन अ‍ॅडॅप्टर कशाचे ते शेवटपर्यंत कळलं नाही. ते ई-कचऱ्यात दिले.