जुन्या जमीन-दप्तरांतून पूर्वजांचा शोध : नाशिक जिल्ह्यातील अर्जाची पद्धत, पात्रता आणि कागदपत्रे

तहसील, भूमी अभिलेख किंवा दुय्यम निबंधक यांच्या कार्यालयात जाऊन ‘आमच्या पणजोबांचे कागद मिळतील का’ असे विचारले, तर बहुतेक वेळा नकारच मिळतो, आणि त्यात समोरच्या कर्मचाऱ्याचा दोष क्वचितच असतो. महसुली दप्तर माणसांच्या नावाने लावलेले नसते. ते गाव आणि त्या गावातील जमिनीचा नंबर यांनुसार लावलेले असते. त्यामुळे शोध घेणाऱ्याने आधी जमीन निश्चित करावी आणि तिच्या नंबरावरून माणसांपर्यंत जावे. आडनावावरून सुरुवात करणारे अर्ज महिनोन्‌महिने फिरत राहतात. गाव, तालुका, गट क्रमांक आणि फेरफार (जमिनीवरील नाव बदलल्याची नोंद) क्रमांक लिहिलेला अर्ज मात्र अभिलेख कक्षातील लिपिकाला थेट योग्य रुमालापर्यंत, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यापर्यंत, नेतो.

अर्ज कोण करू शकतो, याविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३२७ प्रमाणे नकाशे आणि भूमी अभिलेख ठरलेले शुल्क भरून कोणालाही पाहता येतात व त्यांच्या प्रमाणित नकला मागता येतात. त्यासाठी खातेदार किंवा वारस असण्याची अट नाही. नोंदणीकृत दस्तांच्या बाबतीत नोंदणी अधिनियम, १९०८ चे कलम ५७ लागू होते. स्थावर मालमत्तेचे दस्त ज्यात उतरवले जातात ते पुस्तक क्रमांक १ आणि त्याची सूची कोणालाही पाहता येते. पुस्तक क्रमांक ३ मृत्युपत्रांचे असून त्याची नक्कल मृत्युपत्र करणाऱ्याच्या हयातीत फक्त त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला मिळते, त्याच्या मृत्यूनंतर मात्र अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळते. पुस्तक क्रमांक ४ मधील किरकोळ दस्त केवळ दस्त करणारे व त्यावर हक्क सांगणारे यांच्यासाठीच खुले असतात.

सुरुवात आजच्या सातबाऱ्यापासून

घराण्याची आज एक गुंठाही जमीन नसली तरी चालते. एके काळी ज्या जमिनीवर नाव होते तिचा नंबर हवा. तो माहीत नसेल तर भाऊबंदांपैकी ज्याच्याकडे अजून जमीन आहे त्याचा सातबारा आणि आठ-अचा खातेउतारा (एका खातेदाराच्या गावातील सर्व जमिनींचा उतारा) घ्यावा, कारण वाटपापूर्वीची जमीन बहुधा एकच असते. सातबाऱ्यावर प्रत्येक नावाजवळ वर्तुळात फेरफाराचा क्रमांक असतो आणि जी नावे कमी झाली ती कंसात टाकलेली असतात. संगणकीकृत उताऱ्यावर ही जुनी नावे बहुधा नसतात, म्हणून हस्तलिखित सातबारा मागावा लागतो. हस्तलिखित सातबाऱ्याचे ठरावीक वर्षांनी पुनर्लेखन होत असे आणि कंसातली नावे नव्या पानावर उतरत नसत. तेव्हा अर्जात ‘उपलब्ध असलेले सर्व पुनर्लिखित सातबारा उतारे’ असे स्पष्ट लिहावे, अन्यथा केवळ शेवटचे पान हाती पडते.

त्यानंतर फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना सहा. समजा निफाड तालुक्यातील एखाद्या गावच्या उताऱ्यावर फेरफार क्रमांक १८७२ दिसतो. तो काढला की मयत खातेदाराचे नाव, मृत्यूची तारीख किंवा निदान वर्ष, आणि वारसांची नावे नात्यासह मिळतात. त्याच नोंदीत मयताच्या नावावर जमीन ज्या फेरफाराने आली त्याचा क्रमांक असतो किंवा तत्कालीन सातबाऱ्यावर सापडतो. मग तो फेरफार मागावा, आणि असेच मागे जात राहावे. एका फेरफाराने साधारण एक पिढी मागे जाता येते. मधला एक जरी फेरफार सोडला तरी आजोबा आणि नातू यांची नावे सारखी असल्यामुळे दोन वेगळी माणसे एकच समजली जातात, आणि आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची पद्धत पाहता ही चूक अपवादाने नव्हे तर नेहमी होते. वारसाचे अर्ज व त्यावरील चौकशी गाव नमुना सहा-क मध्ये असते. फेरफार त्रोटक असेल तर तो पाहावा. नोंदींत ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता (अल्पवयीन वारसाचा पालक) आणि ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. दुसऱ्या प्रकारच्या नोंदीत एकाच भावाचे नाव लागलेले असते आणि बाकीचे भाऊ कागदावर दिसत नाहीत, म्हणून एकच नाव दिसले की तो एकुलता एक होता असे धरू नये.

स्त्रियांचा शोध याहून अवघड आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ पूर्वीच्या वारस-नोंदींत मुलींची नावे सहसा नसतात. विधवेचे नाव असते, विशेषतः १९३७ च्या हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता हक्काच्या कायद्यानंतर. लेकींचा माग काढायचा तर नंतरच्या काळातील हक्कसोडपत्रे पाहावीत, कारण त्यांत बहिणीचे सासरचे नाव आणि गाव, दोन्ही लिहिलेले असतात. भूमिहीन शाखा, लहानपणी वारलेली मुले आणि शहरात निघून गेलेले भाऊ या दप्तरांत बहुधा सापडत नाहीत. जमिनीचे दप्तर वहिवाट आणि हक्क नोंदवते, संपूर्ण वंशावळ नव्हे.

गट नंबर आणि सर्व्हे नंबर

सर्वांत जास्त शोध इथेच तुटतात. जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध व एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्याखाली गावोगावी योजना राबवल्या गेल्या, आणि ज्या गावात ती लागू झाली तेथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. योजनेपूर्वीचे सगळे कागद सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर यांनुसार असल्यामुळे आजचा गट घेऊन १९४० चा फेरफार शोधणे व्यर्थ आहे. त्यासाठी तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे एकत्रीकरण योजनेचा उतारा मागावा. त्यात जुना सर्व्हे नंबर, योजनेपूर्वीचा धारक आणि नवा गट हे एकत्र दिसतात. याच कार्यालयातून आकारफोड, फाळणी बारा आणि हिस्सा फॉर्म या जमिनीच्या विभागणीच्या कागदांच्या नकला मिळतात. भावांच्या वाटण्यांमुळे हिस्से कसे पडले हे फाळणीच्या कागदावर स्पष्ट दिसते, म्हणून ही नक्कल टाळू नये.

अधिकार अभिलेखाची पद्धत मुंबई प्रांतात १९०३ च्या कायद्याने सुरू झाली. तेव्हाचे हक्क नोंदणी पत्रक मिळाले तर विसाव्या शतकाच्या आरंभीचा धारक हाती येतो. त्यामागे जाण्यासाठी सर्वेक्षणाच्या वेळची पत्रके आणि इनामांच्या नोंदवह्या पाहाव्या लागतात. घराण्याकडे पाटीलकी, कुलकर्णीपण किंवा इतर वतन असेल, तर वतन नोंदवहीत वतनदारांची वंशावळ सापडण्याची शक्यता असते, कारण वतन पिढीजात होते आणि वारस ठरवल्याशिवाय पुढे जात नव्हते. १८७४ च्या वतन कायद्याखालील प्रकरणे आणि वतने खालसा झाली तेव्हाची १९५० आणि १९६० च्या दशकांतील पुनर्प्रदान (जमीन त्याच घराण्याला परत देण्याची) प्रकरणे या दृष्टीने फार मोलाची आहेत. देवस्थान इनाम, म्हणजे वर्ग ३ च्या जमिनी, पुजारी व वहिवाटदार घराण्यांसाठी पाहाव्यात.

जिल्ह्याचा इतिहास इथे थेट कामाला येतो. स्वतंत्र नाशिक जिल्हा १८६९ साली झाला. त्याआधीचा भाग अहमदनगर आणि खानदेश या जिल्ह्यांत विभागलेला होता, म्हणून त्यापूर्वीचे कागद या नावांखाली शोधावे लागतात. सुरगाणा हे संस्थान होते आणि १९४८ मध्ये विलीन झाले. देवळा आणि त्र्यंबकेश्वर हे तालुके मागाहून झालेले असल्याने तेथील गावांची जुनी दप्तरे कोणत्या तालुक्यात राहिली आहेत, याची चौकशी अर्जापूर्वीच करावी. गंगापूर धरण, ओझरचा विमान कारखाना किंवा देवळालीची लष्करी छावणी यांसाठी जमिनी गेल्या असतील, तर भूसंपादनाचे निवाडे मागावेत. मोबदला वाटायचा असल्यामुळे त्यांत हिस्सेदारांची नावे हिशेबाने लिहिलेली असतात.

नाशिक शहरात जुन्या पेठांतील वाड्यांना सातबारा नाही. तेथे नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक आणि त्यासोबत चौकशी नोंदवहीचा उतारा घ्यावा. सिटी सर्व्हे झाला त्या वेळी वाडा कोणाकडून, कोणत्या कागदाने आला हे चौकशी नोंदवहीत लिहिलेले असते, आणि मालमत्ता पत्रकापेक्षा तोच कागद वंशशोधासाठी अधिक उपयोगी ठरतो.

अर्ज आणि जोडावयाची कागदपत्रे

प्रथम ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर नोंदणी करून शोध घ्यावा. जुने स्कॅन केलेले अभिलेख तेथे ठेवण्यास ज्या जिल्ह्यांपासून सुरुवात झाली त्यांत नाशिक होते, त्यामुळे गाव, अभिलेखाचा प्रकार आणि नंबर टाकून अनेक फेरफार घरबसल्या पाहता येतात. पान अस्पष्ट असेल किंवा सापडत नसेल, तर मूळ नोंदीच्या प्रमाणित नकलेसाठी तहसीलदारांच्या नावे साधा अर्ज करावा. त्यावर ठरलेला कोर्ट फी स्टॅम्प लावावा, गाव, तालुका, सर्व्हे किंवा गट नंबर, फेरफार क्रमांक आणि अंदाजे वर्षे लिहावीत, आणि आजचा सातबारा व ओळखपत्राची छायाप्रत जोडावी. वारस असण्याची अट नसली तरी हाताने लिहिलेली साधी वंशावळ सोबत दिल्यास लिपिकाला नावे ओळखणे सोपे जाते. एका अर्जात एकाच गावाचे अभिलेख मागितलेले बरे.

खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र यांसाठी दुय्यम निबंधक कार्यालयात शोध अर्ज करावा. सूची क्रमांक १ व्यक्तींच्या नावांची आणि सूची क्रमांक २ मालमत्तांची असते. संपूर्ण महसुली व्यवहारात नावावरून शोध घेता येणारी ही जवळपास एकमेव जागा आहे. शोधाचे शुल्क वर्षांच्या हिशेबाने लागते, म्हणून फेरफारावरून वर्ष आधी ठरवावे. शंभर रुपयांपेक्षा कमी किमतीच्या व्यवहाराची नोंदणी सक्तीची नव्हती, त्यामुळे लहान तुकड्यांची जुनी विक्री सूचीत नसणे स्वाभाविक आहे. मालमत्तेच्या वारसाबद्दल वाद झाला असेल, तर दिवाणी न्यायालयात १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालील वारस दाखल्याचे प्रकरण असू शकते. त्याच्या नकलेचा अर्ज न्यायालयाच्या नक्कल विभागात करावा.

जुने कागद मोडी लिपीत असतात. त्यांत ‘तुकाराम बिन राघोजी’ म्हणजे राघोजींचा मुलगा तुकाराम, आणि स्त्रीच्या नावापुढील ‘कोम’ नंतर येणारे नाव पतीचे. आडनाव नसणे किंवा त्याजागी हुद्दा वा गाव असणे यात संशयास्पद काही नाही. शक वर्षात ७८ आणि दख्खनी फसलीत (जुन्या महसुली वर्षात) ५९० मिळवले की ते वर्ष ज्या इसवी सनात सुरू झाले तो सन येतो. फसली १३०० म्हणजे १८९०-९१. लिप्यंतर अर्जासोबत जोडायचे असेल तर जाणकाराकडून सही-शिक्क्यानिशी करून घ्यावे आणि मूळ कागदाची प्रमाणित नक्कल सोबत ठेवावी. पेशवेकालीन कागदांसाठी पुण्याच्या पुराभिलेखागारात अर्ज करावा लागतो; तेथे संशोधनाचा विषय आणि कालखंड नेमका लिहिल्यास रुमाल लवकर मिळतात.

रामकुंड परिसरातील व त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या (यात्रेकरू घराण्यांच्या नोंदवह्या) या सरकारी अभिलेखांत मोडत नाहीत, पण त्यांतील सही व गावाचा उल्लेख यांमुळे घराणे मूळचे कोठले हे कळते आणि मग योग्य गावचे दप्तर मागता येते. जातीच्या दाखल्यासाठी शोध असेल तर इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा पाहिला जातो. यासाठी कोतवाल बुक म्हणून ओळखले जाणारे गावचे जन्म-मृत्यू रजिस्टर, म्हणजे जुना गाव नमुना १४, फेरफारापेक्षा थेट उपयोगी पडते, कारण जातीचा रकाना त्यात असे. अशा प्रकरणात फेरफार नाते सिद्ध करतो आणि रजिस्टर जात सिद्ध करते, दोन्ही लागतात.

‘अभिलेख आढळून येत नाही’ असे तोंडी उत्तर स्वीकारू नये. ते लेखी मागावे. लेखी उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपये शुल्कासह अर्ज करावा. महाराष्ट्रात अशा अर्जात एकच विषय असावा आणि तो साधारण दीडशे शब्दांत मांडावा, असा नियम आहे. तीस दिवसांत माहिती न आल्यास त्यानंतरच्या तीस दिवसांत प्रथम अपील आणि पुढे राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे द्वितीय अपील करता येते. लेखी नकार हाती असला तर त्याच नोंदीची दुसरी प्रत शोधण्याचा मार्गही मोकळा होतो: फेरफार तहसीलमध्ये नसला तरी त्याचा आधार असलेला दस्त निबंधकांकडे, हिश्शाची मोजणी भूमी अभिलेखात आणि वारसाचे प्रकरण न्यायालयात असू शकते, आणि या तिन्ही ठिकाणी अर्ज करताना त्या नकाराची प्रत जोडावी.