इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील कॅमेरा-प्रतिमांची दोषदुरुस्ती

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या अंकीय कॅमेऱ्याच्या संवेदकामुळे प्रतिमेत शिरणारे दोष मोजून ते गणिती क्रियेने काढून टाकण्याची पद्धती. संवेदकातील प्रत्येक पिक्सेलची संवेदनशीलता थोडीथोडी वेगळी असते, काही पिक्सेल मृत असतात, काही अंधारातही आकडा दाखवतात. यांतून उमटणारा ठसा नमुना बदलला तरी प्रत्येक प्रतिमेत त्याच जागी राहतो. तो काढल्याशिवाय ‘या ठिकाणी इतके इलेक्ट्रॉन पडले’ असा अर्थ प्रतिमेतील आकड्यांना देता येत नाही. भिंगांचे दोष हा निराळा विषय आहे. वर्तुळ-सममित स्थिर इलेक्ट्रॉन भिंगांत गोलीय विपथन (कडेचे व मधले किरण एकाच बिंदूत न मिळण्याचा दोष) अटळ असते हे ओटो शेर्त्सर यांनी 1936 मध्ये सिद्ध केले आणि बहुध्रुवी भिंगांनी ते सुधारून मिळवलेल्या प्रतिमा हायडर, रोझे, उर्बान व सहकाऱ्यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केल्या. प्रस्तुत नोंदीत विचार केवळ कॅमेऱ्याच्या दोषांचा आहे.

इतिहास : रुस्का व क्नोल यांनी 1931 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभा केला. त्यानंतर अनेक दशके प्रतिमा प्रकाशचित्रण-फिल्मवर घेत. फिल्मवर ओरखडे असत, धूळ असे, पायस सर्वत्र सारखा पसरलेला नसे. पण दर वेळी फिल्म नवी असल्याने दोषांच्या जागाही नव्या असत. अनेक प्रतिमांची सरासरी काढली की ते विरून जात. जागा न सोडणारा ठसा ही अडचण कायम बसवलेल्या संवेदकाबरोबर आली, हे लक्षात घेतले म्हणजे फिल्मच्या काळातील लेखनात हा विषय जवळपास का आढळत नाही ते समजते.

बॉइल आणि स्मिथ यांनी 1969 मध्ये बेल प्रयोगशाळेत सीसीडीची (पिक्सेलांत साठलेला विद्युत्भार सरकवत वाचणाऱ्या संवेदकाची) कल्पना मांडली. सूक्ष्मदर्शकात सावकाश वाचन होणारे, थंड केलेले सीसीडी कॅमेरे साधारणपणे 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात आले. स्पेन्स व झुओ यांनी 1988 मध्ये वर्णन केलेली विवर्तन-नोंदणीची यंत्रणा सुरुवातीच्या उदाहरणांत मोडते. दुरुस्तीची रीत खगोलशास्त्रातून आली असे सामान्यतः मानतात आणि दोन्हीकडचे सूत्र एकच असल्याने ते मत ग्राह्य वाटते. मात्र परिस्थितीत फरक आहे. खगोलशास्त्रज्ञाला एकसारखा प्रकाशित पृष्ठभाग शोधावा लागतो, त्यासाठी संधिप्रकाशातील आकाश किंवा घुमटातील पडदा वापरतात. सूक्ष्मदर्शकात नमुना बाजूला करून इलेक्ट्रॉनांची शलाका पसरवली की असा पृष्ठभाग जागेवरच मिळतो. दुसरीकडे, सूक्ष्मदर्शकाच्या कॅमेऱ्यात एकेका इलेक्ट्रॉनमागे बरेच फोटॉन किंवा बराच विद्युत्भार निर्माण होतो. त्यामुळे आकडा मोठा दिसला तरी त्यामागचे इलेक्ट्रॉन थोडेच असू शकतात.

दोषांचे उगम : अप्रत्यक्ष पद्धतीच्या कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉन सिंटिलेटरवर (इलेक्ट्रॉन पडताच चमकणाऱ्या पदार्थाच्या थरावर) आदळतो, तेथे उमटलेला प्रकाश प्रकाशतंतूंच्या जुडीतून किंवा भिंगातून सीसीडीपर्यंत जातो. सिंटिलेटरची जाडी सर्वत्र सारखी नसते. प्रकाशतंतूंच्या जुड्या जेथे एकमेकींना टेकतात तेथे प्रकाश कमी पोचतो आणि कच्च्या प्रतिमेत षट्‌कोनी जाळी दिसते. सीसीडीत विद्युत्भार स्तंभातून पिक्सेल-पिक्सेल सरकत वाचनद्वारापर्यंत येतो, म्हणून वाटेतल्या एका सदोष पिक्सेलमुळे त्याच्या पलीकडचा सगळा स्तंभ बिघडतो. वाचन चार कोपऱ्यांतून होत असेल तर चार प्रवर्धकांच्या (संकेत मोठा करणाऱ्या मंडलांच्या) फरकामुळे प्रतिमेचे चार चौकोन वेगळे उठून दिसतात. प्रत्यक्ष इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या सीमॉस या दुसऱ्या प्रकारच्या सिलिकॉन संवेदकात प्रकाशतंतू नाहीत, म्हणून जाळीही नाही. पण तेथे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा प्रवर्धक असल्याने पिक्सेलगणिक तफावत उलट जास्त असते. शिवाय हे संवेदक इलेक्ट्रॉनांचा मारा थेट झेलत असल्याने प्रारणाच्या इजेमुळे त्यांचा ठसा हळूहळू बदलत राहतो.

मूळ सूत्र : दुरुस्तीला दोन संदर्भप्रतिमा लागतात. शलाका बंद ठेवून, तेवढ्याच उद्भासनकाळाची (संवेदक उघडा ठेवण्याच्या काळाची) घेतलेली ती डार्क प्रतिमा. नमुन्याविना, एकसारख्या शलाकेत घेतलेली ती गेन प्रतिमा.

दुरुस्त प्रतिमा = (कच्ची प्रतिमा − डार्क) ÷ (गेन − डार्क) × (गेन − डार्क) ची सरासरी

अंधारातला प्रवाह तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो, सिलिकॉनमध्ये तो दर 6 ते 8 अंश सेल्सिअसला सुमारे दुप्पट होतो. संवेदक थंड ठेवण्याचे हे मुख्य कारण आणि डार्क प्रतिमा वारंवार नव्याने घेण्याचेही. गेन प्रतिमा प्रवेगक विभव (इलेक्ट्रॉनांना वेग देणारा विद्युत्दाब) बदलला की निरुपयोगी ठरते, कारण 200 किलोव्होल्ट आणि 300 किलोव्होल्टचे इलेक्ट्रॉन संवेदकात सारखी ऊर्जा टाकत नाहीत. ती घेताना शलाका संवेदकाच्या कडांपलीकडे पसरलेली हवी. संघनक छिद्राच्या (शलाका मर्यादित करणाऱ्या भोकाच्या) कडेची फ्रेनेल वलये, म्हणजे विवर्तनाने उमटणारे पट्टे, आत आली तर तीही ‘संवेदनशीलता’ म्हणून नोंदली जातात आणि पुढच्या प्रत्येक प्रतिमेत उलटी उमटतात. थंड संवेदकावर साचलेला बर्फ किंवा आधीच्या तेजस्वी शलाकेची रेंगाळलेली छाया यांचेही तसेच होते. संदर्भप्रतिमेत राहिलेला दोष एका प्रतिमेपुरता राहत नाही, तो संपूर्ण संचाला लागतो. म्हणूनच कच्च्या प्रतिमा आणि त्या दिवसाची संदर्भप्रतिमा दोन्ही जपून ठेवणे अत्यावश्यक आहे. केवळ दुरुस्त प्रतिमा ठेवल्या तर चूक नंतर कळूनही सुधारणे फार कठीण होते.

संदर्भप्रतिमेतील गोंगाट : इलेक्ट्रॉनांचे आगमन यादृच्छिक असते. पिक्सेलमागे सरासरी N इलेक्ट्रॉन पडले तर त्यातील सापेक्ष गोंगाट 1/√N इतका असतो. गेन प्रतिमेत पिक्सेलमागे 10,000 इलेक्ट्रॉन जमवले तर प्रत्येक पिक्सेलच्या गुणकात सुमारे 1 टक्का चूक उरते. गोठवलेल्या नमुन्यांच्या हिमतापी सूक्ष्मदर्शनात (क्रायो-ईएम) एका चौकटीत, म्हणजे उद्भासनाच्या एका छोट्या तुकड्याच्या प्रतिमेत, पिक्सेलमागे जेमतेम 1 इलेक्ट्रॉन असतो, म्हणजे गोंगाट 100 टक्के. त्यापुढे 1 टक्का नगण्य वाटतो. पण यादृच्छिक गोंगाट सरासरीने घटतो, गुणकातील चूक घटत नाही, कारण ती प्रत्येक चौकटीत तीच आणि तेथेच असते. अशा 10,000 चौकटी जुळवल्या की दोन्ही समसमान होतात आणि त्यापुढे ठसाच वरचढ ठरतो. संवेदकाच्या दुरुस्तीची पारख एका सुबक प्रतिमेवरून करू नये, पुष्कळ प्रतिमांच्या बेरजेवरून करावी, असे जे सांगितले जाते त्याचा आधार हाच आहे.

याचा सर्वांत मोठा फटका चौकटी जुळवताना बसतो. शलाकेखाली नमुना किंचित सरकतो, म्हणून उद्भासन अनेक चौकटींत विभागून चौकटी परस्पर-सहसंबंधाने (एक प्रतिमा दुसरीवर सरकवत दोन्ही कोठे सर्वांत जास्त जुळतात ते काढून) एकमेकींवर बसवतात. नमुन्यामुळे सहसंबंधाचे शिखर जेवढे सरकणे झाले तेथे यायला हवे. न सरकणाऱ्या ठशामुळे मात्र शून्य सरकण्यावर दुसरे शिखर उभे राहते. सरकणे एक-दोन पिक्सेलांचेच असेल तर दोन्ही शिखरे मिसळतात आणि नमुना प्रत्यक्षाहून कमी हलला असे उत्तर येते. लागोपाठच्या चौकटींऐवजी काही अंतर ठेवून घेतलेल्या चौकटींची तुलना करणे किंवा उच्च वारंवारता (प्रतिमेतील अतिबारीक तपशील) दाबणे, हे त्यावरचे रूढ उपाय आहेत. एकेका रेणूच्या सरासरीत धोका कमी असतो, कारण रेणू संवेदकावर निरनिराळ्या जागी व निरनिराळ्या दिशांनी पडलेले असतात.

संदर्भप्रतिमेविना दुरुस्ती : हजारो प्रतिमांत नमुन्यातील वस्तू कोठेही पडत असतील, तर प्रत्येक पिक्सेलची दीर्घ सरासरी आणि प्रमाण विचलन सगळीकडे सारखे यायला हवे. जे सारखे येत नाही ते कॅमेऱ्याचे. या तत्त्वावर मारिन फान हील यांच्या सहकार्याने अफानास्येव आणि इतरांनी 2015 मध्ये मोठ्या प्रतिमासंचातूनच कॅमेऱ्याचे गुणधर्म काढून नंतर दुरुस्ती करण्याची पद्धत मांडली. तिचे दोन लाभ आहेत. संदर्भ त्याच दिवसाचा आणि त्याच मात्रेचा (इलेक्ट्रॉनांच्या प्रमाणाचा) असतो, आणि इलेक्ट्रॉनांची एकूण संख्या वेगळ्या गेन प्रतिमेपेक्षा पुष्कळ मोठी होते. मर्यादा गृहीतकात आहे. आधारजाळीचे भोक दर प्रतिमेत मधोमध ठेवले जात असेल किंवा शलाकेची कड नेहमी एकाच कोपऱ्यात येत असेल, तर तो आकार कॅमेऱ्याचा समजून पुसला जातो. संच मोठा असेल आणि वस्तूंच्या जागा खरोखर विखुरलेल्या असतील तर ही पद्धत अधिक विश्वसनीय दिसते. लहान संचाला किंवा इलेक्ट्रॉन छेदचित्रणाच्या (नमुना निरनिराळ्या कोनांत कलवून घेतलेल्या प्रतिमांच्या) मालिकेला स्वतंत्र संदर्भप्रतिमाच बरी.

सुटे दोष : मृत आणि अतितप्त पिक्सेलांवर भागाकार चालत नाही. त्यांची यादी ठेवून तेथे शेजाऱ्यांवरून काढलेली किंमत भरतात. सरासरी भरली तर त्या जागेचा गोंगाट कृत्रिमरीत्या कमी होतो. इलेक्ट्रॉन मोजणाऱ्या कॅमेऱ्यांच्या विरळ प्रतिमांत म्हणून शेजारच्या एखाद्या पिक्सेलची किंमत यादृच्छिकपणे उचलणे श्रेयस्कर. क्ष-किरण आणि विश्वकिरण यांच्यामुळे एक-दोन पिक्सेलांवर अवचित मोठा आकडा येतो. प्रतिमेत तो ओळखून बुजवता येतो. बोल्डर येथील प्रयोगशाळेत विकसित झालेल्या आयमॉड या आज्ञावली-संचातील ‘सीसीडीइरेझर’ हे त्यासाठीचे परिचित साधन आहे. संदर्भप्रतिमेत शिरलेला क्ष-किरण मात्र पुढच्या प्रत्येक प्रतिमेत काळा खड्डा करतो, यासाठी संदर्भ एका उद्भासनाचा न घेता अनेकांतून, उपरे आकडे गाळून बनवतात.

प्रकाशतंतूंमुळे होणारी भूमितीय विकृती गेन सुधारणेने जात नाही. ती ज्ञात जालकाच्या प्रतिमेवरून मोजून अंतर्वेशनाने (शेजारच्या किमतींवरून मधली किंमत काढून) सरळ करतात, आणि तीही गेन सुधारणेनंतर. आधी केल्यास पिक्सेलांची ओळखच पुसली जाते.

इलेक्ट्रॉन-गणना : 2010 च्या दशकाच्या सुरुवातीस आलेल्या गणना-कॅमेऱ्यांत प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतंत्र घटना म्हणून मोजतात, त्यामुळे तो कमी-अधिक ऊर्जा टाकतो याचा परिणाम उरत नाही. के-2 समिट हा कॅमेरा आत सेकंदाला 400 चौकटी वाचतो. पिक्सेलमागे सेकंदाला 8 इलेक्ट्रॉन येत असतील तर एका चौकटीत सरासरी 50 पिक्सेलांमागे 1 इलेक्ट्रॉन पडतो. दोन इलेक्ट्रॉन एकाच चौकटीत शेजारी पडले तर एकच मोजला जातो. ही तूट मात्रेच्या दराबरोबर वाढत असल्याने गेन प्रतिमा प्रयोगाच्या जवळपासच्या दरानेच घ्यावी लागते. संदर्भप्रतिमा साठवण्याचे संकेतही एकसारखे नाहीत: काही कॅमेऱ्यांच्या संदर्भाने गुणायचे असते, काहींच्या भागायचे, आणि काही आज्ञावलींत ती आधी फिरवून किंवा उलटवून घ्यावी लागते. दिशा चुकली तर ठसा दुप्पट होतो. प्रतिमांच्या बेरजेत तो लगेच दिसतो, एकट्या प्रतिमेत बहुधा दिसत नाही.

विवर्तनासाठी वापरल्या जाणाऱ्या संकरित पिक्सेल-संवेदकांत गणना पिक्सेलमध्येच होत असल्याने वाचनाचा गोंगाट व अंधारातला प्रवाह यांची अडचण जवळपास नसते. तेथे दुरुस्ती मुख्यतः पिक्सेलांच्या उंबरठ्यांतील (कितीहून मोठा संकेत इलेक्ट्रॉन म्हणून मोजायचा त्या मर्यादेतील) तफावतीची आणि संवेदक-पट्ट्यांमधील फटींची असते.