प्रोस्टेटच्या दोन गोळ्या: एक वाट सैल करते, दुसरी ग्रंथी आटवते

साठी ओलांडलेल्या मुंबईकर पुरुषाला विचारा, कुठल्या स्टेशनवर मुतारी कोणत्या टोकाला आहे, तो न अडखळता सांगेल. लोकलमध्ये ती सोय नाही, आणि प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असली की दादर-विरार संपता संपत नाही. अशा माणसाच्या औषधांच्या डब्यात बहुधा दोन नावं असतात: टॅमसुलोसिन आणि फिनास्टेराइड. दुसरीच्या जागी कधी ड्युटास्टेराइड. पुष्कळदा दोन्ही औषधं एकाच गोळीत येतात, म्हणून घरात ती नुसती 'लघवीची गोळी' होऊन बसते. मग थोडं बरं वाटलं की कोणती चालू ठेवायची आणि कोणती सोडायची, हे लोक आपल्या मनानेच ठरवतात. त्यात नुकसान होतं, म्हणून हे लिहितोय.

प्रोस्टेट मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून असते. तरुणपणी साधारण अक्रोडाएवढी. वयानुसार तिचा मूत्रमार्गालगतचा भाग वाढतो. ही वाढ कॅन्सरची नव्हे. लघवी अडण्याची कारणं मात्र दोन: वाढलेल्या ग्रंथीचा दाब, आणि तिच्यातल्या व मूत्राशयाच्या मानेतल्या स्नायूंचा ताण.

टॅमसुलोसिन हा ताण सोडवतं. जेरुसलेमचे सर्जन मार्को केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये दाखवलं की प्रोस्टेटमधले स्नायू अल्फा रिसेप्टरच्या, म्हणजे पेशींवरच्या इशारा घेणाऱ्या जागांच्या, इशाऱ्यावर आवळतात. तो इशारा रोखला की वाट सैल होते. म्हणून फरक काही दिवसांतच कळतो: धार सुधारते, रात्रीचं उठणं कमी होतं. ग्रंथीचा आकार मात्र तसाच राहतो. पावसाळ्यात सर्दी झाली आणि केमिस्टकडून साधी गोळी आणली की काहींची लघवी तुंबते, त्याचंही मूळ इथेच आहे. त्या गोळीतलं फेनिलेफ्रिन नेमके हेच स्नायू आवळतं.

टॅमसुलोसिन उभं राहताना रक्तदाब खाली आणू शकतं. माझे मामा गिरगावात चाळीत राहतात, संडास गॅलरीच्या पार टोकाला. रात्री जाग आली की ते आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसतात, मग भिंतीला हात लावून उठतात. डॉक्टरांनी सांगितलेलं हे पथ्य मला गोळीइतकंच महत्त्वाचं वाटतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांनाही या गोळीचं नाव सांगायचं, पूर्वी घेत असाल तरी. तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी बुबुळ ढिलं पडतं, हे २००५ मध्ये लक्षात आलं.

फिनास्टेराइडचा जन्म डोमिनिकन रिपब्लिकमधल्या एका निरीक्षणातून झाला. तिथल्या काही मुलांना जन्मतः मुली समजून वाढवलं जाई आणि वयात येताना त्यांचं शरीर पुरुषाचं होई. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये याचं कारण मांडलं: टेस्टोस्टेरॉनचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करणारं एन्झाइम त्यांच्यात कमी होतं. त्यांची प्रोस्टेट मोठेपणीही लहानच राहिली. म्हणजे ग्रंथीला वाढवणारा हार्मोन, डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, हाती लागला. तेच एन्झाइम रोखणाऱ्या फिनास्टेराइडला अमेरिकेत १९९२ मध्ये मान्यता मिळाली.

या गोळीने ग्रंथी साधारण पाव हिश्शाने आटते, पण त्याला सहा महिने आणि कधी त्याहून जास्त लागतात. घोळ इथेच होतो. दोन महिन्यांत काही जाणवत नाही, मग 'हिचा उपयोग नाही' म्हणून ती सुटते आणि झटपट गुण देणारी तेवढी चालू राहते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एमटॉप्स या चाचणीत ३,०४७ पुरुषांवर सरासरी साडेचार वर्षं लक्ष ठेवलं होतं. आजार बळावण्याचा धोका टॅमसुलोसिनसारखंच अल्फा रिसेप्टर रोखणाऱ्या डॉक्साझोसिनने ३९ टक्के, फिनास्टेराइडने ३४ टक्के आणि दोन्ही मिळून ६६ टक्के कमी झाला. पण पुढे लघवी पूर्ण तुंबणं किंवा ऑपरेशनची वेळ येणं, हे एकट्या डॉक्साझोसिनने कमी झालं नाही. ते फिनास्टेराइड असलेल्या गटांतच कमी झालं. ग्रंथी फारशी मोठी नसेल तर फिनास्टेराइडचा लाभ थोडा. म्हणून सोनोग्राफीतला आकार पाहूनच डॉक्टर ती देतात. कामेच्छा कमी होण्याचा त्रास काहींना होतो. तो संकोच न करता डॉक्टरांना सांगावा, परस्पर गोळी थांबवू नये.

घरात कुणी गरोदर असेल तर फिनास्टेराइडची तुटलेली गोळी किंवा ड्युटास्टेराइडची गळकी कॅप्सूल तिने हातात घेऊ नये. पोटातल्या मुलग्याच्या अवयवांच्या वाढीला त्यातून धोका आहे. वन रूम किचनमध्ये सगळ्यांची औषधं एकाच डब्यात असतात, म्हणून मुद्दाम सांगतो. ड्युटास्टेराइड घेणाऱ्याने रक्तदानही करायचं नाही, बंद केल्यावर सहा महिने जाईपर्यंत.

आणि पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका तपासायला करतात ती रक्ततपासणी. टॅमसुलोसिनने या रक्ततपासणीचा आकडा बदलत नाही. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडने मात्र तो सहा महिने ते वर्षभरात सुमारे निम्म्यावर येतो. म्हणजे रिपोर्टवर ३ दिसलं तर ते ६ च्या जवळपासचं धरायला हवं, आणि खाली आलेला आकडा गोळी चालू असताना पुन्हा चढू लागला तर कॅन्सरची शंका घेऊन तपासावं लागतं. लॅबच्या छापील मर्यादेत आकडा बसला म्हणून फाइल मिटू नका. गोळीचं नाव आणि ती कधी सुरू झाली, हे रिपोर्टवरच लिहून डॉक्टरांपुढे ठेवा.